धुक्यातली नौबत

सफर महिना, चांद दिसल्याच्या दुसऱ्या दिवशी

सेल्जान, रागावू नकोस. वसंतात मी या गडावर यायला निघालो तेव्हा तू कोऱ्या कागदांची ही वही माझ्या खोगिराच्या पिशवीत कोंबलीस आणि म्हणालीस, "आगा, रोज दोन ओळी लिहायच्या. एकुलती एक बहीण आहे मी. तुझ्या गुडघ्याची खबर मला परक्या तोंडून कळायला नको." आता पानगळ सुरू झाली आणि मी पहिली ओळ लिहितो आहे. चुकलो. आधी शाई सापडेना. सापडली तर उंदरांनी बोरू कुरतडून ठेवलेले. मग गुडघा सुजला. गुडघ्याचा लिहिण्याशी काय संबंध, असे तू विचारशील. ज्याला एक अक्षर काढायला अख्खे अंग लावावे लागते, त्याला तो संबंध ठाऊक असतो. लहानपणी मुल्ला शिकवायला यायचे तेव्हा आपला भाऊ कुतलुग मांडी घालून पुढे बसायचा आणि मी मुल्लांचा घोडा फिरवून आणायचो. तो सुलतान झाला, मी त्याचा सेनापती. ज्याचे त्याला बरोबर मिळाले.

बाबा गेले तेव्हा काही सरदार माझ्याही तंबूत आले होते, थोरला म्हणून. मी त्यांना ताक पाजून परत पाठवले. गादीवर सरळ पाठीने बसावे लागते. मला ते कधी जमले नाही.

काराकायाचा गड चांगला आहे. फक्त वारा सगळीकडून येतो. खाली खिंड, खिंडीच्या तोंडाशी दलदल, पलीकडे मेंढपाळांची गावे. मुख्य दाराची बिजागरी कुरकुरते. पाण्याच्या टाक्यात बेडूक आहेत. स्वयंपाकीण शुशान म्हणते, बेडूक असले म्हणजे पाणी चांगले. पण ती आर्मेनी, तिला कशाचेच काही वाटत नाही.

एक गोष्ट मात्र मानाची. निघताना कुतलुगने भर दरबारात सांगितले की माझ्या दारातही नौबत झडेल. त्याच्या दारात पाच वेळा, पाचही नमाजांना. माझ्या दारात तीन वेळा: दुपारी, तिसऱ्या प्रहरी आणि रात्रीच्या नमाजाला. आपल्या घराण्यात पाच म्हणजे गादी, हे तुला सांगायला नको. बाबांच्या काकांनी हौसेने चौथी वाजवली आणि धनुष्याच्या दोरीने त्यांचा गळा आवळला. म्हणून इथे आलो त्याच दिवशी मी नगारची दुर्मुशला दरडावले, "तीन म्हणजे तीन."

तो म्हणाला, "बेग, मी अर्धा बहिरा असलो तरी मोजता येतं मला."

आता झोपतो. म्हणजे पडतो. झोप कुठली.


सफर, जुम्म्याचा दिवस

आज धुके आले. इथले धुके वरून उतरत नाही, दलदलीतून उठते. सकाळी तटावर गेलो तर खाली काहीच नाही. खिंड नाही, गाव नाही, वाट नाही. गड ढगावर ठेवल्यासारखा. एक घार आपल्याच सावलीवरून फिरत होती. मी कठड्याला हात लावून बघितला, दगड आहे ना म्हणून. ओला होता.

मग तिथेच बसल्या बसल्या डोळा लागला आणि मला आपले वेताचे तळे दिसले. उन्हाळी छावणीजवळचे. आपण तिघे. तू काठावर रडते आहेस, कारण आम्ही तुला नेत नाही. कुतलुग पाच-सहा वर्षांचा, माझ्या कमरपट्ट्याला धरून वेतांत शिरतो आहे. वेत उंच, पुढचे दिसत नाही. मध्येच त्याचा हात सुटतो. मी ओरडत नाही. म्यानावर चाकूची मूठ आपटतो, टक, टक, आणि तो आवाजामागे येतो. स्वप्नात तो आला नाही. मी आपटत राहिलो आणि वेत पांढरे झाले.

जाग आली तर शुशान समोर उभी. म्हणाली, "बेग, दह्याची पेज निवून दही झाली. म्हातारपणी दगडावर झोपू नये, दगडाला सवय लागते."


सफर, अर्धा चंद्र

खालच्या गावचा म्होरक्या वर आला होता. मोठा गोड माणूस, सारखे डोळे पुसतो. दलदलीत या आठवड्यात दोन कळप गेले आणि एक माणूस. म्हणाला, "बेग, दुपारी तुमची नौबत झडते ना, तेव्हा माझा जावई कमरेएवढ्या चिखलात होता. आवाजाकडे तोंड करून सरळ चालत आला. पण धुकं खरं असतं पहाटे, आणि सूर्य बुडताना. नेमकी तेव्हा तुमची नौबत गप्प."

मी सांगितले की तसेच फर्मान आहे.

"नौबत कशाला? नुसता एखादा नगारा. माणसासाठी नको तर मेंढीसाठी वाजवा."

मी रात्रभर विचार केला. नौबतीत सनया असतात, झेंडा चढतो, शिपाई रांगेत उभे राहतात. यात काहीच नाही. ही नौबत नव्हे, हा धुक्याचा नगारा. पहाटे एक आणि सूर्यास्ताला एक. तेही लहान नगाऱ्यावर. सकाळी दुर्मुशला बोलावून तसे सांगितले.

तो इतक्या हळू आवाजात बोलला की मला वाटले आता तो पूर्ण बहिरा झाला. "बेग, विचार करून सांगताय ना?"

म्हटले, "रात्रभर केलाय."

तो खाली वाकला आणि माझ्या अंगरख्याचे टोक त्याने डोळ्यांना लावले. मेंढ्यांवर एवढा जीव असेल त्याचा, मला माहीत नव्हते.


सफर, चंद्र मोठा होतो आहे

लहान नगारा खालपर्यंत पोचत नाही. धुके आवाज पिऊन टाकते. मोठाच लावायला सांगितला, तांब्याचा, बाबांचा. आता पहाटे तो वाजला की धुके थरथरते, दुधावरची साय हलते तसे. मग फार खालून, जणू पाण्याखालून, मेंढ्यांच्या घंटा वर येऊ लागतात. आधी घंटा, मग शीळ, मग शिंगे, मग माणूस. मी रोज बघायला जातो. खोकला वाढला आहे, पण जातो.

कुतलुगला आवडले असते. त्याला कविता सुचली असती. मला फक्त नाक गळते.


सफर, पौर्णिमा उलटली

आजकाल शिपाई मला बघून फार खाली वाकतात. जमीन निसरडी झाली आहे, कोणीतरी पडेल. शिवाय सगळे एकदम कामाला लागले आहेत. तलवारी परजतात, तटाला चुना लावतात, बाण बांधतात. मी कोणाला काही सांगितलेले नाही. थंडीत हात चालता ठेवलेला बरा, हे त्यांना आपोआप कळलेले दिसते. चांगली माणसे आहेत.

दाराची बिजागरीही कोणी न सांगता दुरुस्त केली. दार आता लोखंडी पट्ट्यांनी जड झाले आहे. मला एकट्याला ढकलवत नाही.


सफर, शेवटचे दिवस

शहरातून बेहजाद आला. कुतलुगचा जुना दरबारी, इराणी, दाढीला अत्तर लावणारा. म्हणाला, "अमीरसाहेब, हवापालटासाठी आलोय." या हवेत! मी त्याला माझी खोली दिली, त्यातल्या त्यात कोरडी.

किती धार्मिक माणूस आहे, सेल्जान. मी लाजलो. नगारा वाजला रे वाजला की जपमाळ काढतो आणि एक मणी सरकवतो. पहाटेसुद्धा उठून तटावर जातो, मणी सरकवतो, परत येतो. मी म्हटले, "बेहजाद, तुमच्यासारखी भक्ती मला जमली नाही."

तो हसला. "अमीरसाहेब, आम्ही फक्त मोजतो. भक्ती तुमच्या शिपायांची बघून घेतली."

जेवताना मी त्याला विचारले, कुतलुगचे पोट कसे आहे, रात्री झोपतो का, अजून जर्दाळू जास्त खातो का. तो प्रत्येक वेळी आधी माझ्या तोंडाकडे बघायचा आणि मग उत्तर द्यायचा. शेवटी म्हणाला, "सुलतानांच्या तब्येतीची तुम्हाला फारच काळजी."

शुशानने त्याच्या वाडग्यात पेज इतक्या जोरात ओतली की अर्धी मांडीवर सांडली. नंतर मी तिला रागावलो. ती म्हणाली, "माझा हात म्हातारा झालाय, बेग. डोळे नाही झाले."

तो दुसऱ्याच दिवशी गेला. हवापालट पुरला म्हणाला. मी कुतलुगसाठी मुरवलेल्या सलगमांचे मडके दिले. मडके गळत होते का, ही काळजी आता लागून राहिली आहे.


रबिउल अव्वल, पहिले हिवाळी दव गोठले

आज टाक्याच्या कडेला बर्फाची किनार दिसली. म्हणजे झगा यायला हवा.

तुला ठाऊक आहे, पहिले बर्फ धरले की कुतलुग वर्षभर वापरलेला स्वतःचा झगा मला पाठवतो. नवा नव्हे, अंगावरचा. सुलतानाच्या अंगाचा वास असलेला झगा ज्याच्या अंगावर, त्याच्यावर सुलतानाचा हात. मानाचे सोड. मला त्या वासानेच झोप लागते. कोल्ह्याच्या कातड्याचे अस्तर, कस्तुरी आणि थोडा जर्दाळूचा चिकटपणा, बाहीला.

आला नाही. घोडा लंगडला असेल.


रबिउल अव्वल, दोन जुम्मे गेले

झगा नाही. स्वार नाही. मडके गळले असावे आणि त्याचे कपडे खराब झाले असावेत. किंवा तो आजारी आहे आणि मला सांगत नाहीत. बेहजादचा चेहरा आता आठवतो तर तसाच वाटतो, आजारी घरातून आलेल्यासारखा.

दुपारी तटावर डोळा लागला. वेताचे तळे. या वेळी कुतलुग मोठा होता, दाढीवाला, तरी माझ्या कमरपट्ट्याला धरून होता. मी मागे वळून म्हणालो, हात सोड, आता तू सुलतान. तो म्हणाला, तू वाजव. मी म्यान चाचपले तर म्यान नाही.


रबिउल अव्वल, मोठी बातमी

आनंदाची बातमी! कुतलुग येतो आहे. मिठाच्या व्यापाऱ्यांचा तांडा आला, त्यांनी सांगितले. खिंडीपासून दोन मजलांवर सुलतानाची छावणी, हजाराच्या वर घोडे, शिकारीला निघालेत म्हणे. मला आधी कळवले नाही, म्हणजे अचानक येऊन चकित करणार. लहानपणीही पलंगाखाली लपून माझा पाय धरायचा.

मी शुशानला सांगितले, पिसांची गादी उन्हात घाल, उरलेले जर्दाळू भिजव, मेंढा काप.

ती म्हणाली, "शिकारीला शिड्या लागतात का, बेग?"

"कसल्या शिड्या?"

"व्यापाऱ्यानं बघितल्या. खेचरांवर बांधलेल्या. लांब, लोखंडी आकड्यांच्या."

मी म्हटले, "गरुडाची पिल्लं काढायची असतील कड्यावरची. त्याला पाखरांचं वेड आहे."

ती ओट्यावरचे पीठ पुसत म्हणाली, "देवा, कोणत्या मातीचा केलास हा माणूस." आणि दुर्मुशला हाक मारली.


त्याच दिवशी, पुढचे

घाईत लिहितो आहे. अक्षर लागणार नाही तुला.

दुर्मुश स्वयंपाकघरात आला, दार लावून घेतले. शुशानने त्याला सांगितले, "यांना माहीतच नाही."

"काय माहीत नाही?"

"काहीच."

दुर्मुश हसायला लागला. मग थांबला. त्याने हात पुढे केला आणि एकेक बोट मिटले. "पहाट. दुपार. तिसरा प्रहर. सूर्यास्त. रात्र." मूठ झाली. ती मूठ त्याने माझ्यासमोर धरली. "बेग, महिनाभर तुमच्या दारात पाच वाजतायत."

मी म्हटले, "दोन धुक्याचे आहेत! त्यांना सनई नाही, झेंडा नाही!"

"दोन कोसांवरून झेंडा कोणाला दिसतो? नगारा ऐकू येतो. तोही तुमच्या वडिलांचा."

"मग तू बोलला का नाहीस?"

"मी विचारलं होतं. विचार करून सांगताय ना? तुम्ही म्हणालात, रात्रभर केलाय. आम्हाला वाटलं, झालं. थोरला शेवटी उठला." त्याने मान खाली घातली. "सगळा गड तयार आहे, बेग. बाण आहेत, पाणी आहे, दार मजबूत केलंय. पोरं तुमच्यासाठी मरतील. तुम्ही फक्त हो म्हणा."

मी चुलीपुढच्या पाटावर बसलो. सेल्जान, माणसे माझ्यापुढे वाकत होती आणि मी जमीन निसरडी म्हणत होतो. आणि बेहजाद मणी सरकवत होता.

शुशानने माझ्या हातात ताकाचे भांडे दिले.

मी दुर्मुशला सांगितले, "बाण आवरून ठेवा. दार उघडं ठेवा. आणि आजपासून तीनच. धुकं पडो, आभाळ पडो. तीन."

"आणि मेंढपाळ?"

मी वही काढून हे लिहायला बसलो.


रबिउल अव्वल, धुक्याचा दिवस

छावणीतून हुकूम घेऊन एक चाऊश, सुलतानाचा निरोप्या, आला. घोड्यावरूनच बोलला, उतरला नाही. त्याला उतरायला सांगितलेले नसेल.

"सुलतानांचा निरोप. आज संध्याकाळी आम्ही खिंडीत असू. सूर्यास्ताला गड गप्प राहिला तर थोरल्या भावाला बोलायची संधी मिळेल. वाजला तर बोलणं संपलं."

मी म्हटले, "त्याला सांग, नाही वाजणार. त्याला सांग, पांघरूण नीट घे, खिंडीत ओल असते." चाऊशने तोंड फिरवले. हसला की काय झाले, दिसले नाही.

सुटलो असे वाटले. किती सोपे. फक्त गप्प बसायचे.

तिसऱ्या प्रहरानंतर धुके उठले. असे मी बघितलेले नाही. पांढरे नव्हे, करडे, लोकरीसारखे. आधी दलदल गेली, मग खिंड, मग तटाचा खालचा दगड, मग माझे पाय. सूर्य लोंबकळणाऱ्या नारिंगी फळासारखा दिसला आणि तोही गेला. वाऱ्याचा आवाज बंद. आपलाच श्वास दुसऱ्या कोणाचा असावा तसा ऐकू येत होता. मला वाटले, मी परत झोपलो आहे. गालाला चिमटा काढला.

मग घोडा खिंकाळला. मग पुष्कळ घोडे. मी ऐकत राहिलो. दुर्मुश तिथेच होता, पण त्याला ऐकू आले नसावे. शुशानला आले. ती ओल्या हातांनी धावत वर आली.

"बेग, आवाज डावीकडून येतोय."

वाट उजवीकडे आहे. डावीकडे दलदल.

एक माणूस ओरडला आणि मध्येच थांबला. ओरडणे संपले नाही, थांबले. मेंढीची घंटा वाजली, फार खाली. म्हणजे मेंढपाळही आत होते.

मी म्हटले, "दुर्मुश, टिपऱ्या."

त्याने टिपऱ्या पाठीमागे धरल्या. "बेग, सूर्यास्त झालाय. आता वाजली तर तीच पाचवी धरतील. तुमची मान जाईल."

"तो डावीकडे चाललाय."

"कोण?"

"कुतलुग! दे इकडे!"

"पोरांना वाजवू द्या, निदान तुमच्या हातून..."

मी त्याच्या हातातून ओढून घेतल्या. साठी उलटलेल्या माणसाने एवढ्या जोरात ओढू नये, खांदा अजून दुखतो आहे. नगाऱ्याचे कातडे ओलीने सैल पडले होते. पहिला ठोका मेलेला निघाला. शुशानने चुलीतल्या निखाऱ्यांचे घमेले आणून नगाऱ्याखाली सरकवले. कातडे तापले, ताणले गेले, आणि मग आवाज निघाला. बाबांचा आवाज.

किती वेळ वाजवले, आठवत नाही. नगारा वाजत होता की वेताच्या तळ्यात म्यान, तेही आठवत नाही. मध्ये मला वाटले, वाजवायचे थांबलो तर जग पुसले जाईल, गडही, मीही. हात गळून पडले तेव्हा दुर्मुशने माझ्या मुठींवर मुठी ठेवल्या आणि आम्ही दोघांनी मिळून वाजवले. तो रडत होता आणि शिव्या देत होता, एकदम.

मग उजवीकडून, वाटेवरून, घंटा.


दुसऱ्या दिवशी

आधी मेंढ्या आल्या. उघड्या दारातून आत, सरळ. मग शिपाई, छातीपर्यंत चिखल. मग परत मेंढ्या. मग एक खेचर, त्याच्या पाठीवर शिडी, शिडीच्या पायऱ्यांत अडकलेले कोकरू. मग म्होरक्याचा जावई. त्याच्या खांद्याला धरून एक सरदार, सरदाराच्या पट्ट्याला धरून दुसरा. असे सगळे, आंधळ्यांच्या रांगेसारखे, नगाऱ्याकडे तोंड करून चालत. माझे शिपाई आणि त्याचे शिपाई समोरासमोर आले आणि कोणी कोणाला मारावे ते कोणालाच सुचेना. कारण मध्ये मेंढ्या होत्या.

मेंढपाळ दारातून आत आले की वर बघत, नगाऱ्याला हात उंचावून सलाम करत आणि आपापले कळप मोजायला लागत. रोजच्यासारखे. आजचा दिवस वेगळा आहे हे त्यांना माहीतच नव्हते. एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "आज उशिरा वाजवलात हो, बेग! आमचं रोजचं आहे, विसरत जाऊ नका!"

त्या म्हाताऱ्याच्या मागे कुतलुग उभा होता. घोडा हातात धरलेला. पगडी नव्हती. केस कपाळाला चिकटलेले, पांढरे झालेत, सेल्जान. मी टिपऱ्या खाली ठेवल्या आणि खाली गेलो, गुडघ्यावर बसलो. मान पुढे केली, त्याला सोपे जावे म्हणून.

तो म्हणाला, "ऊठ. चिखल आहे."

मला उठता येईना. गुडघा. त्यालाच हात द्यावा लागला.

तो सरळ स्वयंपाकघरात गेला, जणू घर त्याचेच. शुशानने एक नजर टाकली आणि म्हणाली, "तो झगा काढा आधी. माझी जमीन भिजते." सुलतानाला! त्याने काढला. तिने तो चुलीवरच्या खुंटीला टांगला आणि माझा मेंढीच्या कातड्याचा जुना अंगरखा त्याच्या खांद्यांवर फेकला. मग पेज वाढली.

अर्धा वाडगा संपवून तो म्हणाला, "आगा, पाचवी वाजवलीस."

"हो."

"मी खाली सांगितलं होतं, पाचवी ऐकली की चढाई."

"चाऊशनं सांगितलं मला."

"तरी वाजवलीस."

"तू डावीकडे चालला होतास."

त्याने चमचा ठेवला. मग विचारले, "हे मेंढ्यांचं कधीपासून?"

मी सगळे सांगितले. म्होरक्या, जावई, लहान नगारा, मोठा नगारा. सनई नव्हती, झेंडा नव्हता, हे तीनदा सांगितले. मध्ये सलगमांच्या मडक्याचेही विचारले. तो ऐकत होता आणि त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटले ताप चढला. तो हसत होता. मग हसत नव्हता.

"तू एक ओळ लिहून विचारलं असतंस तर?"

"मला लिहायचा कंटाळा येतो."

"माहीत आहे," तो म्हणाला. "मुल्लांचा घोडा." मग म्हणाला, "वेतांत हरवलो होतो तेव्हा मला वाटायचं, तू मुद्दाम पुढे जातोस. मला तिथंच टाकून जाण्यासाठी."

"मग?"

"मग टक टक ऐकू यायचं."

तो तिथेच चुलीशी झोपला, माझ्या अंगरख्यात. बेहजाद दारापर्यंत आला होता, आत बघून परत गेला. दलदलीत सात माणसे आणि बारा घोडे गेले. बाकी सगळी आली.


रबिउल अव्वल, ते गेले त्या दिवशी

पहाटे धुके होतेच. कुतलुग निघाला. जाताना नगाऱ्यापाशी थांबला आणि दुर्मुशला म्हणाला, "आम्ही खिंड ओलांडेपर्यंत वाजवत राहा."

दुर्मुशने हात कानाला लावला. "हुजूर, मोजायचं का?"

"नको," तो म्हणाला.

आम्ही वाजवले. घोडे, शिड्या, माणसे धुक्यात विरघळली, साखर पाण्यात विरघळते तशी. शेवटी फक्त टापा, आणि मग टापाही नाहीत.

आता खरी अडचण, सेल्जान. म्हणूनच वही बर्फ वितळायची वाट न बघता आजच मिठाच्या तांड्याबरोबर पाठवतो आहे.

त्याचा झगा खुंटीवर राहिला.

मी धावत दारापर्यंत गेलो होतो. ओरडलो, "कुतलुग, झगा!" त्याने मागे न बघता हात हलवला आणि म्हणाला, "राहू दे. ओला आहे." एवढेच. आता याचा अर्थ काय? ओला आहे म्हणून राहू दे, वाळला की पाठव, असा? की राहू दे, तुझा आहे, असा? दिलेला झगा मी परत पाठवला तर तो अपमान. विसरलेला मी अंगावर घातला तर तो गुन्हा, आणि आता कुठे माझी एका गुन्ह्यातून सुटका झाली आहे. दुर्मुश म्हणतो, घाला. शुशान म्हणते, घाला आणि गप्प बसा. त्यांना काय कळते दरबारातले?

दुपारी वाळला म्हणून मी तो नुसता हातात धरला. कस्तुरी, धूर, दलदल. बाहीला जर्दाळू. परत खुंटीला अडकवला.

तू त्याला सहज विचार. मी विचारले असे दाखवू नकोस. आणि बाई, जे काही म्हणेल ते लगेच कळव, खिंड बंद व्हायच्या आत. थंडी फार वाढली आहे, आणि माझा मेंढीचा अंगरखा तोच घालून गेला आहे.